हे छापा, ते जाळा

१५४२ च्या ऑगस्टमध्ये बाझल शहराच्या नगरमंडळाला कुणकुण लागली, की योहानेस ओपोरिनसच्या छापखान्यात काहीतरी भलतंच छापलं जातंय. ओपोरिनस तसा शहरातलाच. चित्रकाराचा मुलगा, घरचं आडनाव हेर्ब्स्ट, म्हणजे शरद ऋतू. विद्वान मंडळींच्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याने ते ग्रीकमध्ये फिरवून घेतलं होतं. तरुणपणी वैद्य पॅरासेल्ससच्या हाताखाली राबला, नंतर लॅटिन आणि ग्रीक शिकवली, आणि शेवटी खिळे जुळवण्याच्या धंद्यात पडला. डोक्यावर कर्ज कायमचं. आपण काय छापतोय हे त्याने शहराच्या परिनिरीक्षकांना कळवलं नव्हतं. माणसं आली, छापून झालेले कागद जप्त झाले आणि ओपोरिनस कोठडीत गेला.

त्या कागदांवर होतं लॅटिन कुराण.

बाझलमध्ये तेव्हा एकही मुसलमान राहत नव्हता. ज्यूही राहत नव्हते. १३४९ च्या प्लेगात विहिरीत विष टाकल्याचा आळ घेऊन तिथल्या ज्यूंना ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर नेऊन जाळलं होतं. पुढे पुन्हा काही कुटुंबं वसली, तीही १३९७ पर्यंत शहर सोडून गेली. आणि तरीही युरोपात हिब्रू पुस्तकं उत्तम छापणारी जी दोन-चार शहरं होती, त्यांत बाझलचं नाव घेतलं जाई. माणसं नकोत, त्यांची अक्षरं चालतील, असा तो मामला. ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. पुढे जे घडलं त्यात माणूस आणि पुस्तक यांची अशी फारकत वारंवार दिसते.

हा लॅटिन तर्जुमा नवा नव्हता, चारशे वर्षांचा जुना होता. क्ल्यूनीच्या मठाचा प्रमुख पीटर, ज्याला 'पूज्य पीटर' म्हणतात, ११४२ साली स्पेनमध्ये गेला आणि त्याने पदरचे पैसे मोजून अरबी जाणणाऱ्यांकडून इस्लामविषयक ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवून घेतले. केटनच्या रॉबर्टने ११४३ मध्ये कुराण पुरं केलं. भाषांतर सैल होतं, भावार्थावर चालणारं. पण पश्चिम युरोपात संपूर्ण कुराण पहिल्यांदा वाचायला मिळालं ते या हातून. पीटरने पुढे मुसलमानांना उद्देशून पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की मी तुमच्याकडे शस्त्रं घेऊन आलेलो नाही, शब्द घेऊन आलोय. द्वेषाने नव्हे, प्रेमाने आलोय. इस्लामवरच्या मध्ययुगीन लेखनात इतकं सभ्य दार दुसरीकडे क्वचितच उघडलेलं दिसेल.

याच पीटरने ज्यूंवरही लिहिलं. तिथे त्याला प्रश्न पडतो, की ही माणसं आहेत तरी का? फ्रान्सचा राजा सातवा लुई क्रूसेडला निघाला तेव्हा पीटरने त्याला पत्र पाठवलं: यांना मारू नका, पण यांचा पैसा काढून घ्या आणि लढाईच्या खर्चाला लावा. ज्यांच्याशी लढाई करायची ते सारासेन, म्हणजे मुसलमान, आणि ज्यांच्या खिशातून ती करायची ते ज्यू. सारासेनांच्या वाट्याला प्रेमाचे शब्द, ज्यूंच्या वाट्याला जप्ती. लिहिणारा माणूस एकच आणि हाडाचा धार्मिक. तेव्हा या दुटप्पीपणाचं कारण त्याच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही, ते दुसरीकडे असणार.

बाझलला परत येऊ. जप्त झालेल्या पुस्तकाचा संपादक होता झुरिकचा थिओडोर बिब्लिआंडर, जुन्या कराराचा प्राध्यापक, हिब्रूत मुरलेला आणि अरबी शिकलेला. नगरमंडळापुढे पेच होता. विद्वानांचे सल्ले मागवले, ते एकमेकांशी जुळेनात. असलं पुस्तक छापलं तर शहराची अब्रू जाईल, कच्च्या मनाचा कुणी बहकेल, असं काहींना वाटे. उलट बाजूने स्ट्रासबुर्ग आणि झुरिकच्या धर्मपंडितांनी छपाईच्या बाजूने शब्द टाकला. पण पारडं फिरवलं ते विटेनबर्गहून आलेल्या एका पत्राने. तारीख २७ ऑक्टोबर १५४२, सही धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची.

ल्यूथरचं म्हणणं सरळ होतं. तुर्कांना आणि महंमद पैगंबरांच्या धर्माला याहून मोठा तडाखा दुसरा नाही, की त्यांचा ग्रंथ उजेडात आणावा आणि तो काय आहे हे प्रत्येक ख्रिश्चनाला आपल्या डोळ्यांनी पाहू द्यावं. जखम बरी करायची तर आधी उघडी करावी लागते. झाकून ठेवली तर ती आतल्या आत चिघळते. कुराणाविषयी त्याचं मत अतिशय वाईट होतं, त्याबद्दल गैरसमज नको. पण त्या वाईट मतातून त्याने काढलेला निष्कर्ष असा होता: छापा, वाचा, मग बोला.

हे त्याचं स्वतःच्या अनुभवाचं बोलणं होतं. सुमारे १३०० साली फ्लॉरेन्सच्या रिकोल्दो नावाच्या संन्याशाने कुराणाचं खंडन लिहिलं होतं. ल्यूथरने ते पूर्वी वाचलं तेव्हा त्याला ते खोटं वाटलं. या पुस्तकात लिहिलंय तसलं काही जगात माणसं मानतात, यावर त्याचा विश्वास बसेना. पोपच्या माणसाने रचलेल्या कंड्या असतील, असं तो म्हणाला. १५४२ च्या फेब्रुवारीत लॅटिन कुराणाची एक हस्तलिखित प्रत त्याच्या हाती पडली. ती वाचल्यावरच रिकोल्दोवर त्याचा भरवसा बसला, आणि ते खंडन त्याने जर्मनमध्ये आणलं. निवाडा चुकीचा होता की बरोबर, हा भाग वेगळा. मूळ कागद हाती आल्यावाचून निवाडा करायचा नाही, एवढी शिस्त त्याने इथे पाळली.

तुर्कांविषयी तर त्याने याआधी चांगलंही लिहून ठेवलं होतं. ट्रान्सिल्व्हानियात पकडला गेलेला आणि वीस वर्षं तुर्कांच्या गुलामीत काढलेला एक संन्यासी होता. त्याचं आत्मकथन ल्यूथरने १५३० मध्ये प्रस्तावनेसह छापलं. त्या प्रस्तावनेत तो कबूल करतो, की साधं खाणं, साधा पेहराव, साधी घरं, उपास आणि प्रार्थना यांत तुर्क आमच्या मठवाल्यांना लाजवतील. अर्थात या कौतुकाचा रोख पोपवर होता. लेकी बोले सुने लागे! तरी कौतुक ते कौतुकच. सुलतान सुलेमानाविषयीचा एक किस्साही त्याच्या जेवणाच्या टेबलावर रंगे. सुलतानाने म्हणे वकिलाला विचारलं, ल्यूथरचं वय काय? अठ्ठेचाळीस, असं उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला, याहून तरुण असता तर बरं झालं असतं, माझ्यासारखा दयाळू धनी त्याला लाभला असता. हे ऐकून ल्यूथरने छातीवर क्रूस काढला आणि या दयाळू धन्यापासून देवाने वाचवावं, असं म्हटलं. शत्रूविषयी माणूस असं हसून बोलतो तेव्हा त्यात थोडा आदरही मुरलेला असतो.

आदर वाटावा असा तो शत्रू होताही. १५२६ मध्ये मोहाचच्या मैदानात हंगेरीचा राजा पडला, १५२९ मध्ये तुर्की तंबू व्हिएन्नाच्या तटाखाली लागले, १५४१ मध्ये बुडा गेलं. या माणसांवर टीका करायची म्हणजे तोफखाना असलेल्याशी बोलायचं. तिथे शिवी देऊन भागत नाही, समोरचा काय मानतो ते समजून घ्यावं लागतं.

अखेर नगरमंडळाने परवानगी दिली, पण अटी घालून. पुस्तकावर शहराचं नाव नको, छापणाऱ्याचं नको, आणि विक्री बाझलमध्ये नको. ११ जानेवारी १५४३ रोजी तो जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. पुढे ल्यूथर आणि त्याचा सहकारी मेलांकथॉन यांच्या प्रस्तावना, मध्ये कुराण, मागे कुराणाची जुनी-नवी खंडनं, आणि शेवटी तुर्कांचे इतिहास. कैद्याला चार शिपायांच्या गराड्यात चव्हाट्यावर आणावं तसं ते कुराण आलं. पण आलं. १५५० मध्ये दुसरी आवृत्तीही निघाली. १५४३ च्या प्रस्तावनेत ल्यूथरने एक वाक्य असं टाकलंय, की ते आपल्या कामाचं आहे. मी ज्यूंच्या आणि पोपवाल्यांच्या मूर्तींविरुद्ध जसा लिहीत आलो तसाच आता महंमदाच्या मताविरुद्ध लिहितोय, अशा अर्थाचं. म्हणजे त्याच्या लेखी हे एकच काम होतं, एकाच मापाचं.

ते तसं नव्हतं. याच जानेवारीत विटेनबर्गला हान्स लुफ्टच्या छापखान्यातून ल्यूथरचं दुसरं पुस्तक निघालं, 'ज्यू आणि त्यांची असत्यं'.

वीस वर्षांपूर्वी, १५२३ मध्ये, ल्यूथर या विषयावर फार मवाळ बोलला होता. येशू जन्माने ज्यू होता याची आठवण त्याने जर्मनांना करून दिली होती, आणि पोपच्या लोकांनी ज्यूंना कुत्र्यासारखं वागवलं म्हणून ते ख्रिस्ताकडे आले नाहीत, असं बजावलं होतं. या मायेच्या पोटात एक हिशेब दडलेला होता: आता शुद्ध धर्म समोर आलाय, तर ते येतील. ते आले नाहीत. मोराव्हियात उलट काही ख्रिश्चनच ज्यूंसारखा शनिवार पाळू लागल्याच्या वार्ता आल्या. १५४२ मध्ये एका सरदाराने ज्यू आणि ख्रिश्चन यांच्यातल्या वादाचं एक पुस्तक ल्यूथरकडे उत्तरासाठी पाठवलं. ज्यूंवर आता लिहायचं नाही असं ठरवून बसलेला हा म्हातारा, किडनीच्या खड्यांनी हैराण झालेला, पुन्हा लेखणी घेऊन बसला.

पुस्तकाचा बराचसा भाग जुन्या करारातल्या वचनांची उकल करण्यात जातो. तो कंटाळवाणा आहे, आणि निव्वळ टीका म्हणून पाहिला तर त्या काळाच्या मानाने फारसा वेगळाही नाही. खरं विष पुढे येतं. राज्यकर्त्यांना तो सात गोष्टी सांगतो. ज्यूंची प्रार्थनागृहं जाळा. घरं पाडा. प्रार्थनेची पुस्तकं आणि तालमूद हा धर्मनियमांचा ग्रंथ काढून घ्या. रब्बींना शिकवायला बंदी करा. रस्त्यावरचं संरक्षण काढून घ्या. सावकारी बंद करून रोकड आणि सोनंनाणं ताब्यात घ्या. आणि धट्ट्याकट्ट्या तरुणांच्या हाती कुऱ्हाड, कुदळ, चाती देऊन त्यांना राबवा. हे करूनही भागलं नाही तर हाकलून द्या. या साऱ्याला त्याने नाव दिलं 'कठोर दया'. आणि दाखला कुठला दिला? वैद्याचाच. अवयव सडला की वैद्य दयामाया बघत नाही. कापतो, करवततो, डाग देतो.

तीन महिन्यांपूर्वीच्या पत्रातली जखम आणि या पुस्तकातला सडका अवयव जवळजवळ ठेवून बघा. दोन्हीकडे रोग आहे, दोन्हीकडे वैद्य तोच. कुराणाच्या बाबतीत औषध काय, तर पट्टी सोडा आणि प्रकाश येऊ द्या. तालमूदच्या बाबतीत औषध काय, तर करवत. (योगायोगाचा भाग असा, की ओपोरिनसच्या छापखान्यातून त्याच १५४३ साली व्हेसालियसचा मानवी शरीररचनेवरचा ग्रंथ निघाला, आणि माणसाचं शरीर उघडून नीट बघणं म्हणजे काय ते युरोपला पहिल्यांदा कळलं. ल्यूथरच्या दोन्ही उपमांपेक्षा तो मला जास्त प्रामाणिक वाटतो.)

आता पुरावा कुठून घेतला ते बघू. कुराणासाठी ल्यूथर कुराणापर्यंत गेला. ज्यूंच्या रोजच्या प्रार्थना आणि चालीरीती यांच्यासाठी मात्र तो अंटोनियस मार्गारिटाच्या पुस्तकावर विसंबला. मार्गारिटा रेगेन्सबुर्गच्या एका रब्बीचा मुलगा, धर्मांतर करून ख्रिश्चन झालेला. १५३० साली त्याने ज्यू धर्माची 'आतली' माहिती फोडणारं पुस्तक काढलं होतं. घर फोडून आलेल्याच्या साक्षीला बाजारात नेहमीच भाव असतो. शिवाय हिब्रू ही भाषा ल्यूथरला अगदीच परकी नव्हती, जुन्या कराराचं आख्खं जर्मन भाषांतर त्याने हिब्रूवरून केलं होतं. ज्या ग्रंथावर त्याची कीर्ती उभी होती तो ज्यूंकडूनच आलेला.

आणि नेमकं इथेच ते दुखणं असावं. इस्लामशी त्याचं भांडण सरहद्दीवरचं होतं. ज्यूंशी होती ती भाऊबंदकी. जुना करार ही वडिलोपार्जित जमीन, आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं हा वाद. सरहद्दीवरच्या शत्रूने आपलं म्हणणं मान्य करावं अशी कुणाची अपेक्षा नसते. भावाने मान्य केलं नाही तर मात्र स्वतःचाच हक्क कच्चा ठरतो. त्यात हा भाऊ दुबळा, बिनशस्त्र, आपल्याच राजाच्या मेहेरबानीवर जगणारा. त्याच्यावर लिहिलेला शब्द दुसऱ्याच दिवशी हुकूम होऊ शकत होता. सुलतानावर कितीही लिहा, इस्तंबूलमधल्या एका मशिदीची वीट हलणार नव्हती.

हा फरक त्या दोन धर्मांच्या शिकवणीतून येतो असं म्हणावं, तर स्पेन आडवं येतं. ग्रॅनडा १४९२ मध्ये पडलं आणि तिथला मुसलमान कॅथलिक राजाची प्रजा झाला, तेव्हा दहा वर्षांच्या आत आर्चबिशप सिस्नेरोसने शहरातल्या चौकात अरबी पुस्तकांची होळी केली, कुराणांसकट. तेवढी वैद्यकाची पुस्तकं बाजूला काढून आल्कालाच्या विद्यापीठात पाठवली. म्हणजे मुसलमान शेजारी आणि दुबळा झाला, की त्याच्या पुस्तकाच्या नशिबी तालमूदचेच भोग येत होते. उलट तुर्कांच्या इस्तंबूलमध्ये स्पेनमधून आलेले ज्यू १४९३ पासून आपले हिब्रू ग्रंथ छापत होते.

जर्मनीत या पुस्तकाला उत्तर कोण देणार? एक माणूस होता. रोसहाइमचा योसेल, आल्सासमधला सावकार, आणि साम्राज्यातल्या ज्यूंचा अघोषित वकील. १५२५ च्या शेतकरी बंडात त्याने बंडखोरांची समजूत काढून आपलं गाव लुटीतून वाचवलं होतं. १५३० मध्ये आउग्सबुर्गला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी त्याला याच मार्गारिटाशी जाहीर वाद करावा लागला. योसेल जिंकला, आणि मार्गारिटाला शहरातून हद्दपार केलं गेलं. ल्यूथरला हे ठाऊक नव्हतं असं मानणं कठीण आहे. तरी तेरा वर्षांनी त्याने त्याच हरलेल्या साक्षीदाराचं पुस्तक पुढ्यात घेतलं.

१५३७ मध्ये योसेल ल्यूथरकडेही गेला होता. सॅक्सनीच्या इलेक्टरने ज्यूंना मुलखात राहायला आणि मुलखातून प्रवास करायलाही बंदी केली होती. ती उठवण्यासाठी ल्यूथरने शब्द टाकावा, म्हणून योसेलने स्ट्रासबुर्गचा धर्मपंडित काप्पिटो याचं शिफारसपत्र मिळवलं आणि सॅक्सनीची वाट धरली. ल्यूथरने भेट दिली नाही. पत्राने नकार कळवला. पत्राचा मायना मात्र गोड, 'माझा चांगला मित्र' असा. मी पूर्वी तुमच्या लोकांबद्दल चांगलं बोललो त्याचा तुम्ही गैरफायदा घेतलात, असा त्या पत्राचा सूर आहे. उपकार फिटले नाहीत म्हणून रागावलेल्या माणसाचं ते पत्र आहे.

आणि आता १५४३. योसेलने २८ मे रोजी स्ट्रासबुर्गच्या नगरमंडळाला अर्ज केला. हे शहर असं, की ज्यूला तिथे दिवसा कामापुरतं यायची मुभा. संध्याकाळी कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून शिंग वाजलं की वेशीबाहेर जायचं. ज्या शहरात त्याला रात्र काढता येत नव्हती, त्या शहराच्या न्यायबुद्धीला तो हाक घालत होता. अर्जात त्याने वाद घालायचं टाळलं. आमच्या धर्मावर टीका करू नका असंही तो म्हणत नाही. मार्गारिटाच्या टीकेला त्याने भर दरबारात उत्तर दिलंच होतं. तो एवढंच दाखवून देतो, की आम्हा गरीब ज्यूंना असं बळजोरीने वागवावं, असं आजवर कुठल्या विद्वानाने सांगितलेलं नाही. पुस्तकामुळे लोकांना वाटू लागलंय की ज्यूला मारलं-लुटलं तरी चालतं. या पुस्तकातल्या ज्या भागाला टीका म्हणता येत नाही, त्यावर त्याने नेमकं बोट ठेवलं. स्ट्रासबुर्गच्या नगरमंडळाने शहरातल्या छापखान्यांना ते पुस्तक पुन्हा छापू नका असं सांगितलं.

बाझलने एक पुस्तक अडवलं होतं आणि मग सोडलं. स्ट्रासबुर्गने एक पुस्तक अडवलं आणि अडवूनच ठेवलं. दोन्हींचा वकील आणि वादी ध्यानात घेतला तर मला दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. पुस्तक अडवणं मला सहसा पटत नाही, आणि स्ट्रासबुर्गच्या बाबतीतही ते मी थोडं अडखळतच म्हणतो. पण 'यांचं मत चुकीचं आहे' आणि 'यांचं घर पाडा' ही दोन वाक्यं एका बांधणीत आली म्हणून एका जातीची होत नाहीत.

ल्यूथरच्या पक्षातही सगळे खूश होते असं नाही. मार्चमध्ये त्याने याच विषयावर आणखी एक पुस्तक काढलं, पहिल्याहून गलिच्छ. झुरिकच्या धर्मपंडितांनी पुढे लिहून ठेवलं, की हे एखाद्या डुकरं राखणाऱ्याने लिहिलं असतं तरी माफ करणं जड गेलं असतं, मग आत्म्यांच्या नामांकित मेंढपाळाने लिहिल्यावर काय बोलावं. न्यूरेनबर्गचा आंद्रेआस ओसियांडर तर त्याहून धीट निघाला होता. ज्यू लोक ख्रिश्चन मुलांना मारून रक्त वापरतात हा आरोप कसा पोकळ आहे, हे त्याने आधीच एका निनावी पुस्तिकेत मुद्द्यांनिशी मांडलं होतं. पण सॅक्सनीच्या इलेक्टरने १५४३ मध्ये ज्यूंवरची बंदी पुन्हा आवळली. पुस्तक कुणी किती वाचलं कोण जाणे, ते ज्याच्या हातात शिक्का होता त्याने वाचलं.

त्याच १५४३ साली आपल्याकडे गोव्यातही एक चिता पेटली. जेरोनिमो दियास नावाचा वैद्य, ज्यू वंशातला पण बाप्तिस्मा झालेला, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेत 'नवा ख्रिश्चन', मनातून जुनाच धर्म पाळतो म्हणून धरला गेला. गळा आवळून त्याला मारलं आणि देह जाळला. इन्क्विझिशनचं न्यायालय गोव्यात यायला अजून सतरा वर्षं होती. त्या वेळी गोव्यात त्याच वंशाचा दुसरा एक वैद्य होता, गार्सिया द ओर्ता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याची ये-जा होती, तिथल्या हकिमांशी तो औषधांवर तासन्‌तास बोले, आणि अरबी वैद्यकाचे दाखले १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात देई. निजामशहाच्या दरबारात त्याच्या मनातल्या धर्माची चौकशी कुणी केली नाही. चौकशी केली ती त्याच्या स्वतःच्या राजाच्या न्यायालयाने, तो मेल्यावर: १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळण्यात आली.

जाताजाता सांगण्यासारखं आणखी एक. ल्यूथरने जे जाळायला सांगितलं त्या प्रार्थनागृहाला आपण सिनेगॉग म्हणतो, पण कोकणातल्या तेल गाळणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंच्या तोंडी त्याला शब्द होता 'मशीद'. मुंबईत १७९६ साली त्यांनी बांधलेलं पहिलं सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखलं जातं. बाझलच्या आणि विटेनबर्गच्या पंडितांनी जे दोन खण इतके वेगळे ठेवले, त्यांना कोकणातल्या तेल्यांनी एकाच शब्दात बसवलं.

ल्यूथर फेब्रुवारी १५४६ मध्ये आइसलेबेनला वारला. शेवटच्या प्रवचनाला जोडून त्याने ज्यूंविरुद्ध एक इशारा दिला होता. १५५३ च्या सप्टेंबरमध्ये रोमच्या काम्पो दे फियोरी चौकात पोपच्या हुकमाने तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्या. ल्यूथर आणि पोप यांचं आयुष्यभर कशावरही जमलं नाही, या एका पुस्तकावर जमलं. आणि बाझल? तिथे १५७८ ते १५८१ या काळात फ्रोबेनच्या छापखान्याने तालमूद छापला, पण परिनिरीक्षकाची कात्री चालवून. मूर्तिपूजेवरचा आख्खा भाग गाळून टाकलेला. कुराणाला याच शहराने शिपाई दिले होते, पण त्यातलं प्रकरण गाळलं नव्हतं.

चारशे वर्षांनी, २९ एप्रिल १९४६ रोजी न्यूरेनबर्गच्या खटल्यात 'डेअर श्ट्युर्मर' या ज्यूद्वेष्ट्या पत्राचा मालक यूलियस श्ट्रायशर पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, की आज डॉक्टर मार्टिन ल्यूथर हयात असते तर माझ्या जागी बसले असते. त्याने पुस्तकाचं नाव घेतलं आणि त्यातलं काय जाळायचं तेही सांगितलं. श्ट्रायशरला फाशी झाली. ल्यूथरचा तो बचाव नव्हता आणि श्ट्रायशरचाही नव्हता. पण पुस्तक त्याने बरोबर वाचलं होतं.

विटेनबर्गच्या ज्या सेंट मेरी चर्चमध्ये ल्यूथर प्रवचनं देई, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर उंचावर तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सांध्यातलं एक दगडी शिल्प आहे: डुकरीण, आणि तिला लुचणारे ज्यू. मार्च १५४३ च्या पुस्तकात ल्यूथरने त्याचं चवीने वर्णन केलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्या पुस्तकाच्या नावातले शब्द शिल्पावर कोरले गेले. १९८८ मध्ये चर्चच्या मंडळींनी त्याच्या खाली जमिनीत ज्यूंच्या कत्तलीच्या स्मरणार्थ एक फलक बसवला. शिल्प काढून टाकावं म्हणून दावा दाखल झाला, तो जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. १४ जून २०२२ रोजी न्यायालयाने दावा फेटाळला: शिल्प अपमानकारक आहेच, पण खालच्या फलकामुळे आणि माहितीच्या पाटीमुळे ते आता स्मारक झालं आहे. शिल्प अजून तिथेच आहे.